आधी अर्थिंग, मग आवाज

तळेघर, राजपूर, तेरुंगण, निगडाळे, जांभोरी आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्या मंडळींना ही विनंती आहे. तुमच्या घरात होम थिएटर असेल, डीव्हीडी प्लेअर असेल आणि आवाज घुमतो, मागचे स्पीकर गप्प राहतात, सिनेमातलं बोलणं कळत नाही, गाणं लागलं की मांडणीवरची भांडी वाजतात, अशी तक्रार असेल, तर नवा संच आणायला लगेच मंचरची गाडी धरू नका. बहुतेक घरांत संच धडधाकट असतो, जोडणी तेवढी चुकलेली असते. एक दुपार मोकळी काढा आणि खाली सांगितलंय त्या क्रमाने एकेक काम उरकत जा. पैसे फार लागत नाहीत, निवांतपणा लागतो.

या खटाटोपाचं एक मोठं कारणही आहे, ते शेवटी सांगतो. तुमच्या कपाटात, फडताळात, लग्नाच्या अल्बमखाली ज्या सीड्या पडल्यात, त्यांच्याशी त्याचा संबंध आहे.

आपल्याकडे हे संच बहुधा मुंबई-पुण्याहून येतात. तिकडे नोकरीला असलेला भाऊ किंवा जावई नवीन काही घेतो आणि जुना संच गावी धाडतो. खोकं उघडलं की वायरींचा गुंता निघतो, माहितीपुस्तक हरवलेलं असतं, मग जो जॅक जिथे बसेल तिथे बसवला जातो. असा संच घेताना दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली म्हणजे रिमोट. बऱ्याच रिसीव्हरांचा, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मुख्य डब्याचा, मेनू रिमोटशिवाय उघडतच नाही, आणि मेनू उघडला नाही तर पुढचं निम्मं काम अडतं. दुसरी म्हणजे पाठीमागे लिहिलेलं व्होल्टेज. परदेशातून आलेल्या एखाद्या संचावर फक्त ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो लावला की गेलाच.

वीज आधी बघा

कुठलीही वायर जोडण्याआधी घरातली वीज तपासा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून रिसीव्हरच्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या, तर संच तिथेच बंद करा, पिन काढा आणि वायरमनला बोलवा. 'थोडा करंट मारतो, चालायचंच' असं म्हणून सोडून देऊ नका. घरात लहान पोरं असतात, म्हातारी माणसं असतात.

आपल्या भागात अर्थिंगची अडचण खरी आहे. थोडं खणलं की मुरूम लागतो, त्याखाली कातळ. पावसाळ्यात माती ओली असते तोवर अर्थिंग ठीक चालतं. चैत्र-वैशाखात जमीन सुकली की ते कमजोर पडतं. अर्थिंगचा पाइप जिथे पुरलाय तिथे कोळसा-मीठ भरून घ्या आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. वायरमनला सांगा, मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून दे. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावं. पंधरा-वीस दाखवत असेल तर गडबड आहे. अर्थ मिळत नाही म्हणून बोर्डाच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती जिवावरची आहे. न्यूट्रल कुठे तुटला तर संचाच्या सगळ्या पत्र्यात करंट येतो.

स्पीकरमधून एकसारखा 'हंऽऽ' असा गुणगुणाट येत असेल तर लोक थ्री पिनची अर्थची पिन तोडतात. आवाज कमी होतो, पण संरक्षणही जातं. तसं करू नका. त्याऐवजी रिसीव्हर चालू ठेवून मागचे बाकीचे जोड एकेक करून काढत जा. डिश अँटेनाची केबल काढल्याबरोबर गुणगुणाट थांबला, तर दोष त्या केबलच्या वाटेत आहे. छत्रीचं आणि घराचं अर्थिंग वेगवेगळं झालं की असं होतं. दोन्ही एकाच ठिकाणी जोडून घ्या. टीव्ही, प्लेअर, रिसीव्हर, डिशचा डबा हे सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं तरी बऱ्याच घरांतला गुणगुणाट जातो.

मधूनच करकर येत असेल तर बोर्डातला सैल जोड शोधा. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. त्या परिसरातल्या विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचाही तिथल्या शास्त्रज्ञांना उपद्रव होतो, कारण सैल जोडातली ठिणगी रेडिओ लहरी सोडते. तशीच ठिणगी तुमच्या बटणामागे उडत असेल तर ती रिसीव्हरमध्ये करकर बनून शिरते. ती आगीचंही कारण होऊ शकते. स्क्रू आवळून घ्या, काळा पडलेला सॉकेट बदला.

व्होल्टेज संध्याकाळी पडतं आणि मध्यरात्री चढतं, हे आपल्याला नवीन नाही. टीव्ही आणि संच मिळून चालेल असा स्टॅबिलायझर लावा. लाइट गेली की सगळी बटणं बंद करा आणि परत आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करा.

वायरी कुठून कुठे

वायरी जोडताना सगळ्या पिना बोर्डातून बाहेर हव्यात. आधी स्पीकरच्या वायरी घ्या. प्रत्येक वायरीत दोन तारा असतात, त्यातल्या एकीवर रेघ किंवा वेगळा रंग असतो. रेघेची तार लाल टोकाला, साधी तार काळ्या टोकाला, असा नियम एकदा धरला की पाचही स्पीकरांना तोच पाळा. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर तो वाजत राहतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण समोरचे दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलायला लागतात, ढोलकीचा खर्ज पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

जुन्या वायरीवर रेघ दिसत नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरची वायर रिसीव्हरपासून सोडवा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभरच टेकवा. स्पीकरची जाळी काढली असेल तर आतला कागदी पडदा हललेला दिसेल. पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार ही लाल बाजूची. आत गेला तर उलट. त्या तारेला लाल चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे पुन्हा शोधावं लागणार नाही.

तारेचं टोक सोलताना बारीक केस इकडेतिकडे सुटतात. ते पिळून एकत्र करा. एक केस जरी शेजारच्या टोकाला चिकटला तरी शॉर्ट होतो, रिसीव्हर 'प्रोटेक्ट' असं दाखवून बंद पडतो आणि संच जळाला असं वाटून माणूस घोडेगावला धाव घेतो. टोक हिरवं किंवा काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन तांबं उघडं करा. पावसाळी हवेत हे दर दोन-तीन वर्षांनी करावं लागतं.

खोक्यातल्या संचाचे स्पीकर त्याच संचासाठी बनवलेले असतात. ते दुसऱ्या रिसीव्हरला लावू नका. एकाच टोकाला दोन-दोन स्पीकरही जोडू नका. आठ ओहमचे दोन स्पीकर असे शेजारी-शेजारी जोडले की रिसीव्हरला ते चार ओहमचे भासतात. मग तो जास्त वीज ओढतो, तापतो आणि एक दिवस बसतो.

आता प्लेअर. टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही एचडीएमआय असेल तर सरळ रस्ता असा: प्लेअरमधून निघालेली एचडीएमआय वायर रिसीव्हरच्या 'इन'मध्ये आणि रिसीव्हरच्या 'आउट'मधून निघालेली टीव्हीच्या त्या सॉकेटात, ज्याच्यावर 'एआरसी' लिहिलंय. एआरसीची सोय २००९ मध्ये आली. तिच्यामुळे टीव्हीवर लागलेल्या मालिकेचा आवाजही त्याच वायरीने परत रिसीव्हरमध्ये येतो, वेगळी वायर लागत नाही. टीव्हीच्या मेनूत एआरसी आणि सीईसी चालू करायला विसरू नका.

टीव्ही जुना असेल तर चित्रासाठी पिवळी वायर प्लेअरमधून थेट टीव्हीला द्या. आवाजासाठी प्लेअरच्या मागे 'ऑप्टिकल' किंवा 'कोॲक्सियल' लिहिलेलं भोक आहे का बघा, तिथून रिसीव्हरला एक वायर न्या. तसं काहीच नसेल तर लाल-पांढरी वायर लावा. लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे. तिच्यातून दोनच बाजूंचा आवाज जातो, आणि रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' निवडलं तर त्यातूनच तो पाचही स्पीकरांना थोडं थोडं वाटून देतो.

मागचे स्पीकर का गप्प

ही तक्रार सर्वांत जास्त असते आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा प्लेअरच्या मेनूत असतं. रिमोटवरचं 'सेटअप' दाबा, 'ऑडिओ'मध्ये जा, 'डिजिटल आउटपुट' शोधा. तिथे 'पीसीएम' असेल तर बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' करा. पीसीएमवर ठेवलं की अनेक प्लेअर आवाज दोन बाजूंपुरता आटवून पाठवतात. बिटस्ट्रीमवर पाचही बाजूंचा आवाज जसाच्या तसा रिसीव्हरला जातो आणि तिथे तो उलगडतो. 'डाउनमिक्स' असं काही असेल तर ते बंद करा. खात्री करायला पाच बाजूंचा आवाज असलेली एखादी डीव्हीडी लावा. रिसीव्हरच्या काचेवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं की काम झालं.

व्हीसीडी लावून मागच्या स्पीकरांची वाट बघत बसू नका. व्हीसीडीचा साचा १९९३ चा आहे. त्यात दोनच बाजूंचा आवाज असतो, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र असतं आणि एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं मावतात. म्हणून तर लग्नाच्या दोन-दोन, तीन-तीन सीड्या मिळायच्या. मोठ्या टीव्हीवर ते चित्र धूसर दिसणारच, त्यात प्लेअरचा दोष नाही. मात्र माणसं आडवी पसरून जाड दिसत असतील तर टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार '४:३' करा. दोन्ही कडांना काळी पट्टी राहील, पण आजीचा चेहरा आजीचाच दिसेल.

कुठला डबा कुठे

आपल्या घरांत पाचही स्पीकर वाशाला किंवा भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगायची रीत पडलीय. जागा वाचते, पोरांचा हात पोचत नाही, हे खरं. पण सगळा आवाज डोक्यावरून जातो. समोरचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कान येतो त्या उंचीला ठेवा. टीव्हीपासून तुमच्यापर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच त्या दोघांत असू द्या. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर, तोंड तुमच्याकडे. सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं याच मधल्या डब्यातून येतं, त्याला पडद्यामागे किंवा फुलदाणीमागे दडवू नका. मागचे दोन तुमच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानापेक्षा फूट-दोन फूट वर.

वूफर कोपऱ्यात ढकलला की धडधड वाढते, नेमकेपणा जातो. त्याची जागा ठरवायची एक चांगली युक्ती आहे. वूफर तात्पुरता तुम्ही बसता तिथे ठेवा, ढोलकीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने खाली वाकून फिरा. जिथे खर्ज भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे वूफर कायमचा ठेवा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर जुन्या ट्यूबच्या रबराचे चार तुकडे ठेवा. पत्र्याच्या घरात वूफर भिंतीला टेकवू नका. पत्र्याचे सैल झालेले नट आवळून घ्या, मांडणी त्या भिंतीवरून हलवा. भांडी वाजणं तिथेच थांबेल.

रिसीव्हर तापतो, त्याच्या डोक्यावर चार-पाच बोटं नव्हे, वीतभर मोकळी जागा हवी. त्याच्यावर प्लेअर ठेवू नका, विणलेला रुमाल तर अजिबात नको. हा सगळा संच चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब असू द्या. चुलीच्या धुरातली तेलकट काजळी प्लेअरच्या लेन्सवर बसते आणि चांगली सीडी घातली तरी 'नो डिस्क' दिसायला लागतं.

पाचांचा मेळ

डबे जागेवर बसले की त्यांचा मेळ घाला. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटरला तीन सहस्रांश सेकंद. जवळच्या डब्याचा आवाज आधी पोचतो, लांबच्याचा नंतर. म्हणून रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची सोय असते. टेपने मोजा आणि भरा. मग 'टेस्ट टोन' लावा. सूऽऽ असा आवाज एकेका डब्यातून फिरत येईल. नेहमीच्या जागेवर बसून सगळे सारख्या जोराने ऐकू येईपर्यंत कमी-जास्त करा. डबे लहान असतील तर मेनूत 'स्मॉल' निवडा आणि क्रॉसओव्हर ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा. त्याखालचा खर्ज वूफरकडे जातो, लहान डब्यांची फरफट थांबते.

काही रिसीव्हरांसोबत छोटा माइक येतो आणि ते हे सगळं स्वतः मोजतात. तो माइक कानाच्या उंचीला ठेवा. पंखा बंद, पोरं बाहेर, कोंबड्या बाहेर. पत्र्यावर पाऊस वाजत असताना हे काम करू नका, रिसीव्हर पावसालाच मोजून बसेल. उघडीप बघून करा.

आता पावसातली मुख्य अडचण. आषाढ-श्रावणात पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपण एकूण आवाज वाढवतो. मग गाणं लागलं की घर हादरतं. एकूण आवाज तसाच ठेवून फक्त मधल्या डब्याचा दोन-तीन डेसिबलने वाढवा. शिवाय 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' चालू करा. त्याने बारीक आवाज वर येतो, मोठा आवाज आवरला जातो. आजारी माणूस किंवा झोपलेलं बाळ घरात असेल तेव्हाही हेच बटण उपयोगी पडतं.

आवाजाच्या मर्यादेचंही बोललं पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण कायद्याच्याही आधी शेजार आहे. दिवसभर वाकून आवणी करून आलेली बाई शेजारच्या घरात पाठ टेकते, तिच्या झोपेवर आपला वूफर नको. आपण भीमाशंकर अभयारण्याच्या काठावर राहतो. १९८५ मध्ये घोषित झालेलं हे रान शेकरूचं घर आहे. रानाकडच्या खिडक्या उघड्या ठेवून रात्री बाराला धडधड करू नये, एवढी जाण आपण ठेवूच.

पाऊस, वीज आणि उंदीर

आपल्याकडे विजा जास्त कडाडतात त्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात. ढग दाटून आले की बटण बंद करून भागत नाही. बोर्डातून पिन काढा आणि डिशची केबलही टीव्हीपासून सोडवा. छत्रीच्या वाटेने आलेला झटका टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर तिघांना एकदम घेऊन जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवतं. ते रानात गुरं घेऊन जाणाऱ्यांच्या फोनवर तर असावंच.

झडीच्या दिवसांत संच आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. लाइट ठीक असेल तेव्हा रोज अर्धा तास चालवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळलात तर ओल आतच अडकते, सुती कापड बरं. वायरी प्लास्टिकच्या पट्टीतून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. स्पीकरच्या मागच्या भोकात पाली आणि कुंभारमाशा घर करतात, तिथे बारीक जाळी लावा.

सीड्या वाचवा

सुरुवातीला म्हटलं होतं ते कारण हे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा घराघरांत प्लेअर आले. सिनेमे आले, कीर्तनं आली, वगनाट्यं आली. त्याच काळात आपली लग्नं, हरिनाम सप्ताह, जत्रा, शाळेची गॅदरिंगही सीडीवर उतरली. आज ती कंपनी उरलेली नाही. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. विकत मिळालेला सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल. तुमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची सीडी जगात एकच आहे.

ही सीडी सिनेमाच्या सीडीपेक्षा नाजूकही असते. कारखान्यातली तबकडी साच्यात दाबून बनते, तिची खालची बाजू चांदीसारखी असते. फोटोग्राफरने घरी भरून दिलेल्या तबकडीत रंगाचा एक थर असतो. उजेडात धरली की तिच्यात निळसर, हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. हा रंग ऊन, उष्णता आणि ओल यांनी मरतो. म्हणून सीड्या खिडकीत ठेवू नका, आरशामागे खोचू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांसोबत, उभ्या ठेवा.

सीडीची वरची छापील बाजू मजबूत असते असा गैरसमज आहे. सीडी आणि व्हीसीडीत नोंदीचा थर त्या छापाच्या अगदी खाली असतो. खालून आलेला बारीक ओरखडा पुसता येतो, वरून पडलेला माहितीच खरवडून नेतो. बॉलपेनने वर नाव लिहू नका, चिकटपट्टी लावून उपटू नका. पुसताना मऊ सुती कापड मधल्या भोकापासून कडेकडे सरळ ओढा, गोल फिरवू नका. रॉकेल, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. चिखल-धूळ असेल तर आधी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा.

जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नका. बरेच ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत. आणि अडकला तर झाकण उघडून चालू लेझरकडे बघू नका, डोळ्याला धोका आहे. लेन्स पुसायचं काम जाणकाराकडे द्या.

आता नक्कल. सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर घोडेगाव, मंचरच्या फोटो स्टुडिओत मिळेल, गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुला-मुलीकडेही असेल. व्हीसीडी असेल तर तिच्यातल्या 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल जशीच्या तशी कॉम्प्युटरवर घ्या. व्हीएलसी या फुकट प्रोग्रामवर ती चालते. डीव्हीडी असेल तर पूर्ण 'व्हिडिओ टीएस' फोल्डर घ्या. एका व्हीसीडीला सातशे-आठशे एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ७० ते ८० व्हीसीडी मावतात. व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणजे जपली असं समजू नका, तिथे व्हिडिओ आटवून बारीक केला जातो. नक्कल करायची ती आपल्या घरच्या सीड्यांची. विकतच्या सिनेमाच्या नकला काढून वाटणं बरोबर नाही.

दोन प्रती करा आणि एक प्रत दुसऱ्या गावी, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवा. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, ती सकाळ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. घर जातं तेव्हा घरातलं सगळंच जातं. आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथली लग्नं, तिथल्या जत्रा टिपून ठेवायची साधनं तेव्हा घरोघर नव्हती. आपल्या हातात ती आली, टिपलेलंही आहे, ते केवळ आळसाने गमावू नये.

नक्कल काढताना आणखी एक करा. सीडी लावून घरातल्या जुन्या माणसांना समोर बसवा आणि विचारा: ही हळद लावणारी कोण, ही गाणं म्हणणारी कोण, हा डफ कुणाच्या हातात आहे? नावं वहीत लिहा, सोबत वर्ष आणि वाडीही लिहा. पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे तो साठा एक लाखाच्या वर गेला. त्याचं मोल असं, की ओवीसोबत ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदलं गेलं. आपल्या लग्नाच्या सीडीत मागे बारीक आवाजात जी गाणी ऐकू येतात, ती म्हणणाऱ्या कितीतरी मावश्या आता नाहीत. त्यांचा आवाज त्या तबकडीवरच आहे. म्हणूनच मधला स्पीकर नीट हवा, वायर सरळ हवी, गुणगुणाट नको.

तर मंडळी, काम वाटून घेऊ या. प्रत्येक वाडीत एका घरी चांगला चालणारा प्लेअर आणि नीट जोडलेला संच असला तरी पुरे. भात आवणीच्या आधी एक दिवस ठरवा. वायरमन दादांनी त्या घराचं अर्थिंग तपासून द्यावं. कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींनी नकला काढायचं काम घ्यावं. मुंबईच्या पाहुण्यांनी गावी येताना दोन कोरे पेनड्राइव्ह आणावेत. बायांनी फडताळं उपसून सीड्या बाहेर काढाव्यात, कारण त्या कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं. ज्यांच्या घरी सीडी आहे पण प्लेअर नाही, त्यांना आपणहून बोलवा. पहिली सीडी लावायची ती वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या घरची. त्यांना आठवतंय तोवर नावं लिहून घ्यायची आहेत, आणि ते पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही.